गिरणी थांबली की सरकायचं

आमच्या घरात पाण्याच्या मडक्याला जागा आहे, मडक्यावरच्या झाकणाला जागा आहे आणि पाणी काढताना ते झाकण कुठं ठेवायचं त्यालाही जागा आहे. हे सगळं आमच्या वन्संनी ठरवलेलं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन या घरात आले, त्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचा एक खिळा दाखवला आणि म्हणाल्या, "वहिनी, हा तुमचा." मला वाटलं, खिळ्यावर काहीतरी भेट अडकवलेली असेल. नीट पाहिलं, तर भेट म्हणजे खिळाच. पिशवी, छत्री, ओला टॉवेल, माझं जे काय असेल ते त्या खिळ्यावर. मी एकदा शेजारच्या खिळ्यावर छत्री अडकवली. सकाळी ती माझ्या खिळ्यावर परत आलेली होती. मी समजले.

वन्संचं लग्न झालं नाही. एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. वन्सं चहा घेऊन बाहेर आल्या, त्याला बघितलं आणि म्हणाल्या, "उठा. ती माझी जागा आहे." तो उठला तो थेट घरीच गेला. आमचे हे अजून तो किस्सा सांगतात आणि दर वेळी वन्सं म्हणतात, "दादा, शेजारी स्टूल होतं. त्याला दिसत नव्हतं का?"

तर अशा बाईच्या हाती शाळा होती.

शाळा म्हणजे एकच खोली. पूर्वी तिथे धान्याचं गोदाम होतं. बारकी मुलं, मोठी मुलं, सगळे वर्ग त्याच खोलीत आणि सगळ्यांना मिळून शिक्षिका एकच, आमच्या वन्सं. भिंतीला लागून पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की खोलीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. दुसरी बाई असती तर रडत बसली असती. वन्संनी मात्र गिरणीलाच कामाला लावलं. गिरणी चालू असेल तोवर मुलांनी मनात वाचायचं. गिरणी थांबली की मोठ्यानं वाचायचं. त्यामुळे शाळेला घंटाच लागायची नाही.

फळा होता, पण भिंतीच्या फटीतून पीठ यायचं आणि फळ्यावर बसायचं. पांढऱ्यावर पांढऱ्या खडूनं काय लिहिणार? वन्संनी फळ्याचा नाद सोडला आणि सगळा भर पुस्तकावर दिला. पुस्तकं तरी कुठं होती! चार मुलांत एक. तेही वरून यायला निम्मं वर्ष जायचं. मग वन्संनी फळवाल्याकडून लाकडी खोकी मागून आणली. खोकं पालथं घालायचं, त्यावर मधोमध पुस्तक ठेवायचं आणि चारही बाजूंनी चार मुलं बसवायची. आमचे हे शिंपी, त्यांच्याकडच्या कापडाच्या तुकड्यांची पुस्तकांना कव्हरं झाली. पुस्तकं फाटू नयेत म्हणून वन्संचा एक नियम होता, "पुस्तकाला डोळे लावायचे, हात लावायचा नाही." पान उलटायचं ते एकानंच.

आणि जागांवरून मुलांची भांडणं व्हायला लागली, तेव्हा वन्संनी काय केलं असेल, हे मी सांगायला नको. ज्याची जी जागा, ती त्याची. पहिलीत बसला तिथंच तो चौथीपर्यंत.

मुलं वाचायला शिकली. वन्सं दाराजवळच्या आपल्या खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकायच्या. कोण अडखळलं, कुणी ओळ गाळली, त्यांना आवाजावरून कळायचं. घरी आल्या की कौतुक सांगायच्या. एक मुलगी होती, बारीक आणि टोकदार, सगळे तिला टाचणी म्हणायचे. "वहिनी, ती टाचणी किती शिस्तीची आहे म्हणून सांगू! पाटी दाखवायला आली की पाटीचं तोंड माझ्याकडे करून धरते. मला अक्षरं सुलटीच दिसतात, मान वळवावी लागत नाही."

भाजीवालीच्या मुलाचं मात्र त्यांना वाईट वाटायचं. वाचायला हुशार, पण मान कायम एका खांद्यावर पडलेली. त्याची आई बिचारी वर्षभर मानेला तेल चोळत होती. उशी बदलली, खाट बदलली, फरक नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरून निरोप आला. एक साहेब येणार आणि मुलांचं वाचन तपासणार. ज्या एकखोली शाळेतल्या मुलांना वाचता येणार नाही, ती शाळा बंद. मुलांनी हायवेच्या पलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. हायवेवरून दिवसभर ट्रक धावायचे. भाजीवालीनं तर आमच्या दारात येऊन सांगितलं, "बाई, तुमची शाळा आहे तोवर हा शिकेल. हायवे ओलांडून मी याला पाठवणार नाही. टोपली घेऊन माझ्याबरोबर फिरेल." असं म्हणणारी ती एकटी नव्हती.

वन्सं घाबरल्या नाहीत. "वाचतात की माझी मुलं! घेऊ दे परीक्षा. फक्त त्यांना साहेबाची सवय नाही. वहिनी, उद्या तुम्ही साहेब व्हा."

"मी? मला कोण घाबरणार?"

"अनोळखी माणूस समोर बसला की झालं. तोंड जरा कडक ठेवा."

यांनी दुकानातला एका गिऱ्हाइकाचा कोट मला घातला. बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर होत्या. "हात वर करू नकोस," हे म्हणाले, "साहेबाचा हात गळून पडेल." म्हणून मी दोन्ही हात अंगाला चिकटवून शाळेत गेले. मुलांना ते फारच कडक वाटलं.

मी टाचणीला बोलावलं. "हं. पुस्तक उचल आणि वाच."

"उचलू?" तिनं वन्संकडे बघितलं. पुस्तक उचलायची तिची ती पहिलीच वेळ. वन्संनी मान हलवली. टाचणीनं पुस्तक उचललं, उलटं केलं आणि धडाधड वाचायला लागली.

मी म्हटलं, "अगं, पुस्तक उलटं धरलंयस."

"नाही काकू. आधी उलटं होतं. आता सुलटं केलं."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मी दुसऱ्या मुलाला बोलावलं. भाजीवालीचाच तो. त्यानं पुस्तक आडवं धरलं, मान खांद्यावर टाकली आणि एकही चूक न करता अख्खा धडा वाचला. मी पुस्तक सरळ करून त्याच्या हातात दिलं. मान सरळ झाली आणि तोंड बंद झालं.

"वन्सं," मी म्हटलं, "जरा इकडे या."

वन्सं आल्या. एकेका मुलाला वाचायला लावलं. खोक्याच्या एका बाजूची मुलं नीट वाचत होती. समोरच्या बाजूची उलटं वाचत होती. उरलेली आडवी वाचत होती, अर्धी डावीकडून आणि अर्धी उजवीकडून. मग वन्संनी टाचणीची पाटी मागवली. तिच्यावरची सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती. ती पाटी वन्संकडे तोंड करून धरत नव्हती, तिनं लिहिलेलंच तसं होतं.

वन्सं गेल्या आणि टाचणीच्या जागेवर जमिनीवर बसल्या. मी त्यांना त्या खोलीत खुर्ची सोडून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकावर वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "इथून मला एक अक्षर लागत नाहीये. ही पोरगी इथून चौथीपर्यंत आली."

संध्याकाळी यांना सांगितलं, तर हे इतके हसले की तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या. "सोपं आहे. साहेबालाच उलटं टांगा."

"दादा, शाळा बंद होतेय आणि तुला हसू सुचतंय?"

"मग जागा बदल ना मुलांच्या! आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. त्यात काय एवढं?"

हे सहज म्हणाले, पण वन्संचा चेहरा असा झाला, जणू यांनी घरातलं मडकं उचलून छपरावर ठेवायला सांगितलं होतं. जेवण तसंच राहिलं. मी रोजच्यासारखी पोथी वाचून झाल्यावर देवाला एवढंच सांगितलं, की बाबा रे, हिची खुर्ची हिला सोडता येऊ दे. बाकी ती बघून घेईल.

सकाळी वन्संनी शाळेत नवा नियम सांगितला. गिरणी थांबली की प्रत्येकानं उठायचं, एक बाजू सरकायचं आणि मग मोठ्यानं वाचायचं.

पहिला दिवस म्हणजे नुसता गोंधळ. कुणी डावीकडे सरकलं, कुणी उजवीकडे, डोक्यावर डोकी आपटली. त्यात इतके दिवस सुलट्या बाजूला बसलेली मुलं, जी स्वतःला फार शहाणी समजायची, ती उलट्या बाजूला आली आणि त्यांना काहीच येईना. एक तर रडायलाच लागला. त्याची आई भांडायला आली. "माझा मुलगा कालपर्यंत फाडफाड वाचत होता. तुम्ही त्याला विसरायला शिकवलंत का?" वन्संनी तिला त्याच्या नव्या जागेवर बसवलं आणि म्हणाल्या, "वाचून दाखवा." बाई गुपचूप उठून गेली.

भाजीवालीला मानेचं खरं कारण कळलं तेव्हा ती आधी देवाच्या पाया पडली आणि मग वन्संवर भडकली. "वर्षभर तेल चोळलं मी! त्या तेलात आमचं घर जेवलं असतं!"

पण मुलांना सरकायचा नाद लागला. कधी एकदा गिरणी थांबते असं त्यांना व्हायचं. गिरणीवाल्याला वाटायला लागलं, आपल्या गिरणीला कुणीतरी वाईट नजर लावलीय, कारण पट्टा थांबला की भिंतीपलीकडून आनंदाचा गलका उठायचा. मी रोज दुपारी मदतीला जात होते. जो सुलटा बसलेला, तो बाकीच्या तिघांना बोटानं अक्षर दाखवायचा. थोड्याच दिवसांनी त्या मुलांना चारही बाजूंनी वाचता येऊ लागलं. सगळ्यांना, दोघं सोडून. टाचणी आणि भाजीवालीचा. ती दोघं घरी आणि शाळेत निवांत असली की सरळ वाचायची. जरा कुणी रोखून बघितलं की टाचणीचं पुस्तक उलटं आणि याची मान खांद्यावर.

साहेब यायच्या दिवशी सकाळी वन्संनी माझ्याशी खलबत केलं. "साहेबाची खुर्ची इथं, खिडकीजवळ. तो जवळ बसलेल्या मुलांनाच आधी विचारणार. म्हणून खिडकीच्या बाजूला पक्की मुलं. भाजीवालीचा इकडे कडेला. टाचणी पार पलीकडे."

"वन्सं, ही लबाडी नाही का?"

"लबाडी कसली? व्यवस्था आहे." पण पदर मात्र त्यांनी उगाचच दोनदा सारखा केला. मग भिंतीवर थाप मारून गिरणीवाल्याला ओरडून सांगितलं, "भाऊ! साहेबांची गाडी दिसली की गिरणी बंद करा हं! आवाज नको!"

"काळजीच नको बाई!" पलीकडून उत्तर आलं.

आपण काय सांगून बसलोय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

साहेब आले. धुळीनं माखलेले, कंटाळलेले, हातात छापील कार्डांचा गठ्ठा. दारात पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी, शब्दाला जागून, गिरणीवाल्यानं गिरणी थांबवली.

सगळी शाळा उभी राहिली. एक बाजू सरकली. खाली बसली.

"वा!" साहेब खूश झाले. "पाहुणा आला की उभं राहतात. चांगली शिस्त आहे बाई."

वन्संचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. पक्की मुलं आता कडेला होती आणि खिडकीशी, साहेबांच्या गुडघ्याला लागून, भाजीवालीचा मुलगा बसला होता. मी मागे भिंतीला टेकून मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, पण मधूनमधून तोंडात गिरणीवाल्याचाच उद्धार येत होता.

साहेबांनी त्याला कार्ड दिलं. त्यानं कार्ड आडवं केलं, मान खांद्यावर टाकली आणि वाचलं. साहेबांनीही मान वाकडी करून कार्डाकडे पाहिलं. थोडा वेळ दोघं तसेच बसले होते.

"याच्या मानेला काही दुखणं आहे का?"

खिडकीत टोपली घेऊन भाजीवाली उभी होती. तिला राहवलं नाही. "मानेला काही झालेलं नाही साहेब! काय ते बाईंना विचारा!"

साहेब वन्संकडे वळले, तेवढ्यात गिरणी सुरू झाली. कुणाचं तरी मूठभर दळण राहिलं होतं. साहेब काहीतरी विचारत होते, नुसते ओठ हलताना दिसत होते. मुलं पुस्तकांवर वाकून मनात वाचायला लागली. वन्सं भिंतीवर दोन्ही हातांनी थापा मारायला लागल्या. गिरणीवाल्याला भिंत हादरताना दिसली आणि त्यानं घाईघाईनं गिरणी बंद केली.

सगळी शाळा उठली आणि आणखी एक बाजू सरकली.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले. त्यांच्यासमोर आता टाचणी बसली होती. ओरडणं ऐकून तिचे डोळे मोठे झाले होते. तिनं कार्ड घेतलं, उलटं केलं आणि घडाघडा वाचून टाकलं.

"पाठ केलंय हिनं," साहेब म्हणाले. "कार्ड उलटं आहे हेसुद्धा कळत नाही पोरीला. बाई, मला असली पोपटपंची नकोय."

"पाठ नाही साहेब, कार्ड तर तुम्ही आत्ता आणलंत," वन्सं आपल्या खुर्चीत टेकत म्हणाल्या.

"मग उलटं धरून कुणी वाचतं का? थांबा, नियम काय म्हणतो बघू." साहेबांनी सूचनांचा कागद काढला, मांडीवर ठेवला आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा या खिशात नाही, त्या खिशात नाही.

टाचणी समोर बसली होती. कागद साहेबांच्या बाजूनं सुलटा, म्हणजे तिच्या बाजूनं उलटा. तिला वाटलं, आपल्याला पुढचं वाचायला दिलंय.

"परीक्षकांसाठी सूचना," तिनं स्वच्छ आवाजात सुरुवात केली. "परीक्षकाने प्रसन्न चेहऱ्याने बसावे. मुलांवर ओरडू नये. मुलाला भीती वाटेल असा कोणताही शब्द उच्चारू नये."

खोलीत कुणी हसलं नाही. खिडकीतली भाजीवाली हसली. मग मात्र सगळी शाळा हसली.

"पुढचं वाचू?" टाचणीनं विचारलं.

साहेबांना चष्मा सापडला होता. त्यांनी कागद बघितला, टाचणीकडे बघितलं, मग कागद हळूच फिरवून तिच्या बाजूनं वाचून पाहिला. पहिल्याच शब्दाला अडकले. सूचना आठवली असावी, कारण त्यांनी चेहरा प्रसन्न करायचा प्रयत्न केला. ते जमायला त्यांना बराच वेळ लागला.

तेव्हा वन्सं खुर्चीवरून उठल्या आणि त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, एका पुस्तकाभोवती चौघं बसतात. जागा मी कायमच्या ठरवून दिल्या. ज्या बाजूला बसवलं, त्या बाजूनं ती शिकली. चूक मुलांची नाही, माझी आहे. आणि आज पक्की मुलं मी तुमच्याजवळ बसवली होती. गिरणीनं त्यावर पाणी फिरवलं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी खोक्यांवरून नजर फिरवली. मग सूचनांचा कागद पुढून मागून वाचला, दोन वेळा. "मुलाला छापलेला मजकूर वाचता यावा, एवढंच यात आहे," ते म्हणाले. "कार्ड कोणत्या बाजूनं धरावं, ते कुठंच लिहिलेलं नाही." आणि टाचणीच्या आणि भाजीवालीच्या मुलाच्या नावापुढे त्यांनी 'वाचता येते' असं लिहिलं. "पण बाई, पुढच्या खेपेला मी येईन, तेव्हा मी बसतो त्या बाजूनंही वाचता आलं पाहिजे."

"येईल साहेब. आणि पुस्तकं?"

"मागणी पाठवतो."

"मागणी आम्हीही पाठवतो," वन्सं म्हणाल्या.

साहेबांनी कार्डांचा गठ्ठा उचलला आणि ते निघाले. भाजीवालीनं त्यांच्या गाडीत बळंच एक भोपळा ठेवला. तो त्यांनी नेला.

बाकीच्या मुलांनी कार्डं सुलटीच वाचली होती. शाळा राहिली. काही महिन्यांनी पुस्तकंही आली, सगळ्यांना पुरतील इतकी नाही, पण दोघांत एक होईल एवढी. आता मुलं शेजारी शेजारी बसतात आणि कुणालाच उलटं वाचावं लागत नाही. तरी गिरणी थांबली की सरकायचं, हे काही मुलांनी सोडलं नाही. कोण कुणाच्या शेजारी येईल याचा त्यांना फार आनंद. टाचणी आता पाटी आपल्याकडे तोंड करून धरते आणि मान वळवावी लागते म्हणून वन्संची कुरकुर चालू असते. कुरकुर कशी, तर उभ्या उभ्या. खुर्चीत त्या आता फारशा बसत नाहीत. मुलांमागून फिरत असतात, एकेकाच्या खांद्यावरून वाकून बघतात.

घरी मात्र मडकं आपल्या जागी आहे आणि खिळा माझाच आहे.

परवा रात्रीचं जेवण उरकून मी पोथी वाचत होते. दिवसभराच्या कामानं डोळे मिटत होते. समोरून आवाज आला, "वहिनी, एक ओळ गाळलीत."

मी वर पाहिलं. वन्सं आपली खुर्ची सोडून माझ्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. पोथी माझ्याकडे तोंड करून होती, आणि त्यांचं बोट बरोबर त्या गाळलेल्या ओळीवर होतं.